विली ओ'री : उजवा डोळा आणि डावी बाजू

हॉकी म्हटले की आपल्यापुढे हिरवे मैदान येते, ध्यानचंद येतात. परंतु कॅनडा देशात नुसते 'हॉकी' म्हटले तर त्याचा अर्थ बर्फावरची हॉकी असाच होतो. तिकडे हिवाळ्यात नद्या आणि तळी महिनोन् महिने गोठलेली असतात. आपल्याकडे चाळीच्या पटांगणात पोरे फळकुटाची बॅट करून क्रिकेट खेळतात, तशी तिकडची पोरे गोठलेल्या तळ्यावर काठ्या घेऊन उतरतात. अशाच एका पोराची हकिकत आम्ही आज कौटुंबिक पानाच्या वाचकांना सांगणार आहोत. त्याचे नाव विली ओ'री. अमेरिका आणि कॅनडा मिळून चालणाऱ्या नॅशनल हॉकी लीग या सर्वांत मोठ्या व्यावसायिक स्पर्धेत खेळलेला हा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. एवढे त्याच्याविषयी सगळीकडे छापून येते. आम्हाला त्याची दुसरी गोष्ट अधिक मोलाची वाटते. त्या मोठ्या स्पर्धेत त्याने पाऊल टाकले तेव्हा त्याचा उजवा डोळा जवळजवळ आंधळा होता, आणि ही गोष्ट त्याने मैदानावर कोणालाही कळू दिलेली नव्हती.

विलीचा जन्म १५ ऑक्टोबर १९३५ रोजी, कॅनडाच्या पूर्वेकडील न्यू ब्रन्सविक प्रांतात, फ्रेडरिक्टन या गावी झाला. पूर्वज अमेरिकेतील गुलामगिरीतून निसटून कॅनडात आलेले. घरात भावंडांचे मोठे खटले, आणि विली शेंडेफळ. गावात कृष्णवर्णीय कुटुंबे अगदी मोजकी. त्यामुळे विलीचे सवंगडी, त्याच्या संघातली मुले आणि समोरच्या संघातली मुले, सगळी गोरीच. वडील रस्तेदुरुस्तीच्या कामावर होते. थंडी पडली की ते मागच्या अंगणात नळीने पाणी सोडून ठेवत. त्याचा बर्फ झाला की पोरांना घरच्या घरी मैदान मिळे. तिसऱ्या वर्षी विली स्केट्स घालून उभा राहिला आणि पाचव्या वर्षी संघातून खेळू लागला. रस्त्यावरचा बर्फ घट्ट झाला म्हणजे हा पठ्ठ्या शाळेतही स्केट्सवरच जाई.

आता हे स्केट म्हणजे काय ते सांगितले पाहिजे, नाहीतर पुढचे नीट कळणार नाही. बुटाच्या तळाला विळीसारखे उभे पोलादी पाते बसवलेले असते. पात्याच्या मधोमध लांबट खोबण घासलेली असते, त्यामुळे एकाच पात्याला दोन धारा होतात, एक आतली आणि एक बाहेरची. वेग घ्यायचा तो धारेवर, वळायचे ते धारेवर आणि थांबायचे तर दोन्ही पाय एकदम आडवे करून बर्फ खरवडत थांबायचे. नवख्या मुलाचा पहिला हिवाळा पडण्यातच जातो. पण एवढे जमले म्हणजे हॉकी आली असे नव्हे. हा नुसता प्रवेश अर्ज झाला, परीक्षा पुढेच असते.

ती परीक्षा हातांची आणि मानेची. या खेळात चेंडू नसतो. कडक रबराची चकती असते, तीन इंच रुंद, एक इंच जाड आणि वजनाने १६० ग्रॅमच्या आसपास. कॅरमच्या स्ट्रायकरच्या जवळजवळ दुप्पट रुंद समजावी. तिला पक म्हणतात. सामन्यापूर्वी ती गोठवून ठेवतात, म्हणजे उसळत नाही, सरपटत जाते. खेळाडूने ही चकती काठीच्या टोकाने डावी-उजवीकडे हलवत न्यायची, आणि नजर मात्र वर ठेवायची. चकतीकडे पाहत मान खाली घालून निघालेला मुलगा दुसऱ्याच क्षणी बर्फावर आडवा झालेला दिसतो. कारण ज्याच्यापाशी चकती आहे त्याला खांद्याने किंवा कमरेने धडक देणे या खेळात नियमाला धरून आहे. मैदान सुमारे २०० फूट लांब आणि ८५ फूट रुंद, आणि त्याच्या चहूबाजूंनी फळ्यांची भिंत. एका बाजूला गोलरक्षक धरून सहा खेळाडू. खेळ इतका दमवणारा की आजचा खेळाडू साधारण पाऊण मिनिट जीव तोडून पळतो आणि बाकावर येऊन बसतो. त्याच्या जागी दुसरा फळीवरून उडी मारून आत जातो, आणि त्यासाठी खेळ थांबत नाही. गोलाची चौकट सहा फूट रुंद, चार फूट उंच. त्यातली बरीचशी जागा तर गोलरक्षकच अडवून बसलेला असतो.

विलीचा खरा शिक्षक त्याचा थोरला भाऊ रिचर्ड. धडक कशी द्यावी आणि अंगावर आलेली कशी सोसावी, हे त्याने धाकट्या भावाला चांगले कसून शिकवले. इतर मुलांपेक्षा याच्या अंगावर जास्त धडका येणार, आणि त्यांतल्या काही खेळाच्या नसणार, हे त्याला ठाऊक होते. नावे ठेवणाऱ्यांची फिकीर करू नकोस, तो त्यांचा प्रश्न आहे, तू तुझा खेळ दाखव, असे तो सांगे. आमच्या मते त्या घरातली ही फार मोठी शिकवण. भावाने ती घरच्या बर्फावर शिकवली, म्हणून ती पुढे बाहेरच्या बर्फावर कामी आली.

विली बेसबॉलही उत्तम खेळे. १९४९ साली त्याच्या संघाने स्पर्धा जिंकली आणि बक्षीस म्हणून मुलांना न्यूयॉर्कची सहल मिळाली. तेथे त्यांना जॅकी रॉबिन्सन भेटले. १९४७ साली अमेरिकेच्या मोठ्या बेसबॉल लीगमधली काळ्या-गोऱ्यांची भिंत ज्यांनी मोडली तेच हे रॉबिन्सन. विलीने त्यांना सांगितले की मी बेसबॉल खेळतो, पण माझे प्रेम हॉकीवर आहे. काळी मुले हॉकी खेळतात हे रॉबिन्सन यांना माहीतच नव्हते. पुढे १९६२ साली लॉस एंजेलिसमध्ये एका समारंभात दोघांची पुन्हा गाठ पडली, तेव्हा रॉबिन्सन यांनी ब्रुकलिनमध्ये भेटलेल्या त्या पोराला ओळखले, असे ओ'री अनेकदा सांगत आले.

'पहिला' या शब्दाविषयी येथे थोडे बोलले पाहिजे. पहिला म्हटले की त्याच्या आधी त्या तोडीचे कोणी नव्हते असा समज होतो. तसे नव्हते. कॅनडातच हॅलिफॅक्स शहरी १८९५ साली कृष्णवर्णीयांची स्वतंत्र हॉकी स्पर्धा सुरू झाली होती, आणि ती सुरू करण्यात तिथल्या चर्चमधील पुढाऱ्यांचा हात होता. गोलरक्षकाने खाली बसून चकती अडवण्याची पद्धत या स्पर्धेत चालत असे. मोठ्या लीगने ती १९१७-१८ च्या हंगामात मान्य केली. त्या जुन्या खेळाडूंच्या स्मरणार्थ कॅनडाने टपाल तिकीट काढले ते २०२० साली. टोरांटोचा हर्ब कार्नेगी तर १९४० च्या दशकात नामांकित खेळाडू होता. १९४८ साली न्यूयॉर्कच्या संघाने त्याला बोलावले आणि देऊ केली ती खालच्या संघातली जागा, तीही तो कमावत होता त्याहून कमी पैशात. त्याने नकार दिला. २०१२ साली तो वारला आणि २०२२ साली त्याचे नाव हॉकीच्या गौरव दालनात दाखल झाले. असो.

आता डोळ्याची गोष्ट. १९५५-५६ च्या हंगामात विली ऑन्टारियो प्रांतातील किचनर शहराच्या तरुणांच्या संघातून खेळत होता. वय विशीचे. त्या काळी डोक्याला शिरस्त्राण नाही, तोंडाला जाळी नाही. गोलासमोरच्या झटापटीत कोणीतरी जोरदार फटका मारला, चकती एका काठीला लागून उडाली आणि थेट विलीच्या चेहऱ्यावर आली. नाक मोडले, गालाचे हाड मोडले आणि उजव्या डोळ्याची दृष्टी जवळजवळ सगळी गेली. पुन्हा हॉकी खेळता येणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. दोन महिन्यांच्या आत विली पुन्हा बर्फावर उभा होता.

मोठ्या लीगचा नियम स्पष्ट होता : एका डोळ्याने आंधळा असलेला खेळाडू चालणार नाही. नियम क्रूर होता असे आम्ही म्हणणार नाही. दुसऱ्या डोळ्याला इजा झाली तर माणूस जन्माचा आंधळा होईल, ही भीती खरीच होती. पण विलीने ठरवले की हे कोणाला सांगायचे नाही. अगदी जवळच्या एखाद-दुसऱ्या माणसाखेरीज ते कोणाला कळले नाही, आणि सुदैवाने त्याचे डोळे कोणी तपासलेही नाहीत.

विली डाव्या बाजूचा विंगर. तेव्हा प्रतिस्पर्ध्याच्या गोलाकडे धावताना त्याच्या डाव्या हाताला फळ्यांची भिंत. खेळ, आपला मधला खेळाडू, अंगावर धावून येणारा बचावपटू आणि येणारी चकती, हे सगळे उजव्या हाताला, म्हणजे नेमके अंधारात. चांगला डोळा होता तो भिंतीकडे. सहकाऱ्याने दिलेली चकती घ्यायची तर त्याला पूर्ण मान उजवीकडे वळवून डाव्या डोळ्याने पाहावे लागे, आणि तेही पूर्ण वेगात धावताना. सुरुवातीला चकती मागे राही आणि हा पुढे निघून जाई. गोलासमोर हमखास संधी मिळाली तरी नेम चुके. एका डोळ्याने अंतराचा अंदाज बरोबर येत नाही. खात्री करायची असेल तर वाचकांनी एक डोळा झाकून सुईत दोरा ओवून पाहावा. उजवीकडून येणारी धडक तर त्याला लागल्यावरच कळे.

मग त्याने मनाशी एक हिशेब मांडला. जे दिसत नाही त्याचा विचार सोडायचा आणि जे दिसते त्यावर सगळे लक्ष लावायचे. हे बोलायला सोपे आहे. करायला काय लागते ते पाहा. त्याच्या पायांत विलक्षण वेग होता, तोच त्याने आणखी वाढवला. अंगावर येणारा माणूस दिसणार नसेल, तर तो पोहोचण्याआधी तेथून निघून जायला हवे. दुसरा खेळाडू सहज वळवतो ती मान याला हरघडी, न विसरता वळवावी लागे. बाकीचे प्रतिस्पर्ध्याशी खेळत होते. हा प्रतिस्पर्ध्याशी खेळत होता आणि शिवाय स्वतःच्या अर्ध्या चेहऱ्याशी.

डोळा लपवता येतो, कातडी लपवता येत नाही. १९५६ साली त्याला मिलवॉकी ब्रेव्हज या बेसबॉल संघाच्या सराव शिबिराचे बोलावणे आले. शिबिर अमेरिकेच्या दक्षिणेत, जॉर्जिया राज्यात होते. तेथे विमानतळावर उतरताच त्याला गोऱ्यांची स्वच्छतागृहे वेगळी आणि काळ्यांची वेगळी अशा पाट्या दिसल्या. शिबिरात निवड झाली नाही. पाच दिवसांचा बसचा प्रवास करून तो परत निघाला. दक्षिणेत काळ्या माणसाने बसच्या मागच्या भागात बसायचे, असा तेव्हाचा रिवाज होता, म्हणून विली मागे बसला. बस जसजशी उत्तरेकडे सरकली तसतसा तो एकेक बाक पुढे येत गेला आणि कॅनडाच्या सीमेजवळ पोहोचेपर्यंत पुढच्या भागात बसला होता. त्या प्रवासात त्याने बेसबॉल सोडले आणि हॉकीच खेळायची असे ठरवले.

तेव्हा मोठ्या लीगमध्ये फक्त सहा संघ होते. संपूर्ण कॅनडातली लाखो पोरे हॉकी खेळणारी आणि जागा जेमतेम शंभर-सव्वाशे. आज संघ बत्तीस आहेत. त्या काळी खालच्या संघातून वर जाणे म्हणजे वरच्या कोणाला दुखापत होण्याची वाट पाहणे. विली क्वेबेक शहराच्या संघातून खेळत होता. १८ जानेवारी १९५८ रोजी बोस्टन ब्रुइन्स संघाला एक खेळाडू कमी पडला आणि विलीला निरोप आला. सामना माँट्रियलमध्ये, माँट्रियल कॅनेडियन्सशी, त्यांच्याच फोरम या बंदिस्त मैदानावर. बोस्टनने तो ३-० असा जिंकला. विलीने गोल केला नाही. त्या रात्री काही गडबडही झाली नाही, कारण माँट्रियलचे प्रेक्षक त्याला आधीपासून ओळखत होते. आपण इतिहास घडवला हे त्याला स्वतःला दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्र वाचून कळले. दुसऱ्या दिवशी बोस्टनमध्ये आणखी एक सामना खेळून तो पुन्हा खालच्या संघात गेला.

पुन्हा वर येण्यास तब्बल दोन वर्षांहून अधिक काळ लागला. १९६०-६१ च्या हंगामात तो बोस्टनकडून ४३ सामने खेळला. १ जानेवारी १९६१ रोजी, बोस्टनच्या मैदानात, त्याच माँट्रियलविरुद्ध त्याने पहिला गोल केला. मागून आलेली चकती घेऊन तो बचावपटूंमधून वेगाने सुटला आणि गोलरक्षक चार्ली हॉज याच्या बाजूने खालून चकती आत घातली. सामना ३-२ असा बोस्टनने जिंकला. विली चकती उचलून आणण्यासाठी सरळ गोलाच्या जाळीतच झेपावला, आणि प्रेक्षक किती तरी वेळ उभे राहून टाळ्या वाजवत होते.

सगळी मैदाने अशी नव्हती. अमेरिकेतल्या शहरांत खेळताना शिव्या ठरलेल्याच. शिकागोत एका प्रतिस्पर्ध्याने त्याला वंशावरून शिवी घातली आणि काठीचे मागचे टोक तोंडावर मारले. पुढचे दोन दात पडले, नाक मोडले. यानेही काठी उगारून उत्तर दिले, मोठी मारामारी झाली, आणि जिवाला धोका नको म्हणून त्याला कपडे बदलण्याच्या खोलीत बसवून ठेवावे लागले. शिव्या ऐकून मी कधी मारामारी केली नाही, अंगावर हात टाकला तरच केली, असे ओ'री नंतर सांगत. पुढे व्हर्जिनिया राज्यात एका सामन्याला प्रेक्षकांनी बर्फावर कापसाचे बोळे फेकले आणि एक काळे मांजर सोडले. कापूस कशासाठी, हे आमच्या वाचकांना समजावून सांगायला नको. गुलामांकडून कापसाच्या मळ्यांत राबवून घेतल्याची ती आठवण होती.

हंगाम संपला. पुढच्या वर्षी तुला ठेवणार आहोत, अशा गोड शब्दांत त्याला घरी पाठवले गेले. काही आठवड्यांनी एका बातमीदाराचा फोन आला, तेव्हा त्याला कळले की आपल्याला दुसऱ्या संघाला देऊन टाकले आहे. संघाकडून त्याला कळवण्याचे कष्टही कोणी घेतले नव्हते. मोठ्या लीगचे दार त्याच्यासाठी तेव्हा बंद झाले ते कायमचेच.

आम्ही पेशाने कारकून. आकडे मांडल्याशिवाय आम्हाला चैन पडत नाही. मोठ्या लीगच्या वहीत विली ओ'रीच्या नावावर सामने ४५, गोल ४ आणि सहकाऱ्यांना साहाय्य १० एवढीच नोंद आहे. एवढ्यावर कोणी म्हणेल, यात काय मोठेसे? पण वहीत एक रकाना नसतोच. त्या ४५ सामन्यांत तो एका डोळ्याने आणि तेही चुकीच्या बाजूला खेळत होता.

ती बाजू बदलली तेव्हा काय झाले ते पाहण्यासारखे आहे. लॉस एंजेलिसच्या संघात तो पश्चिमेकडील दुय्यम लीगमध्ये खेळत असताना प्रशिक्षक आल्फ पाइक यांच्याकडे डाव्या बाजूचे विंगर फार झाले. त्यांनी विलीला विचारले, उजव्या बाजूला खेळशील का? त्यांना डोळ्याविषयी काहीच ठाऊक नव्हते. उजवीकडे गेल्याबरोबर भिंत आंधळ्या डोळ्याकडे आली आणि सारा खेळ चांगल्या डोळ्यासमोर. १९६४-६५ च्या हंगामात त्याने ३८ गोल केले आणि त्या लीगमध्ये सर्वाधिक गोल करण्याचा मान मिळवला. १९६८-६९ मध्ये सॅन डिएगोच्या संघातून त्याने पुन्हा तेवढेच ३८ गोल केले आणि पुन्हा तोच मान. इतकी वर्षे तो ज्या बाजूला झगडत होता ती त्याची बाजूच नव्हती. पण हे तो कोणाला सांगणार? सांगितले असते तर खेळच बंद झाला असता.

१९७९ साली, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, ओ'रींनी खेळ सोडला. १९६१ नंतर मोठ्या लीगमध्ये दुसरा कृष्णवर्णीय खेळाडू आला तो थेट १९७४ साली, माइक मार्सन. मधली तेरा वर्षे ती जागा रिकामीच होती. मुलींच्या बाबतीत सांगायचे तर टोरांटोच्या अँजेला जेम्स यांनी १९९० साली महिलांच्या पहिल्या जागतिक स्पर्धेत पाच सामन्यांत ११ गोल केले. लहानपणी त्या मुलांच्या संघात खेळून तयार झाल्या होत्या. २०१० साली त्यांना गौरव दालनात स्थान मिळाले, तेव्हा ओ'रींना ते अजून मिळायचे होते.

खेळ सोडल्यावर ओ'रींनी साधी नोकरी केली. सॅन डिएगोजवळच्या एका हॉटेलात ते सुरक्षा विभागात कामाला होते. १९९८ साली लीगने त्यांना बोलावून घेतले आणि सर्व थरांतील मुलांना हॉकी शिकवण्याच्या उपक्रमाचे काम सोपवले. बर्फावरची हॉकी हा महागडा खेळ. स्केट्स, काठी, हातमोजे, छातीचे आणि गुडघ्याचे कवच, शिरस्त्राण, आणि वर बंदिस्त मैदानाचे तासाचे भाडे. गरिबाच्या मुलाला अंगणात पाणी सोडून मैदान करता येईल, ते कडाक्याची थंडी पडणाऱ्या गावातच. मोठ्या शहरांतल्या गरीब वस्त्यांतील मुलांना साहित्य आणि बर्फ मिळवून देण्याच्या या कामात ओ'री वर्षानुवर्षे गावोगाव फिरले. मुलांना ते स्वतःच्या गोलांविषयी फारसे सांगत नसत. शाळा सोडू नका, हे मात्र आवर्जून सांगत.

२०१८ साली त्यांना गौरव दालनात घेतले गेले. २०२२ साली अमेरिकेच्या संसदेने त्यांना सुवर्णपदक देण्याचा कायदा केला. त्याच वर्षी १८ जानेवारी रोजी, पहिल्या सामन्याला बरोबर ६४ वर्षे झाली त्या दिवशी, बोस्टनच्या संघाने त्यांचा २२ क्रमांक निवृत्त केला. म्हणजे तो क्रमांक यापुढे त्या संघात दुसऱ्या कोणाला मिळणार नाही. त्या क्रमांकाचा फलक मैदानाच्या छतापर्यंत चढवला गेला. करोनाच्या साथीमुळे ओ'रींना बोस्टनला जाता आले नाही. वय ८६ होते. हा सोहळा त्यांनी सॅन डिएगोच्या आपल्या घरी बसून पडद्यावर पाहिला.